गल्लीतली धान्यपेढी: नव्याने काम सुरू करणाऱ्यांसाठी

भुकेचं काम दोन्ही हातांनी करावं लागतं. एका हाताने आज रात्रीच्या जेवणाची सोय करायची आणि दुसऱ्या हाताने त्या घराचं अडकलेलं रेशन, अंगणवाडीतला आहार, निराधार पेन्शन सुरू करून द्यायचं. पहिलं काम लगेच दिसतं, म्हणून बहुतेक गट तेच करतात. दुसऱ्यात खेटे घालावे लागतात, झेरॉक्स काढाव्या लागतात, साहेब जागेवर नसतात. पण घर वर्षभर तगतं ते या दुसऱ्या कामावर. तुम्ही चार जण मिळून वस्तीत धान्यपेढी, म्हणजे अडचणीतल्या घरांना धान्य-किराणा पोचवणारा गट, सुरू करणार असाल, तर दोन्ही हात पहिल्या दिवसापासून कामाला लावा. हा लेख त्यासाठीच आहे.

महाराष्ट्रात ही रीत जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था काढली. पुढे वसतिगृहातल्या मुलांना जेवू कसं घालायचं हा प्रश्न आला, तेव्हा मुष्टिफंड उभा राहिला. बायकांनी रोजच्या धान्यातली एक मूठ बाजूला काढायची आणि साठलं की वसतिगृहाला द्यायची. मोठा देणगीदार शोधण्यापेक्षा शंभर घरांतून थोडं थोडं नियमित येणं जास्त भरवशाचं, हे त्या मुठीत आहे. आजही गल्लीतली धान्यपेढी याच पायावर टिकते.

आधी माणसं जमवा

चार-पाच जण पुरतात, पण कामं वाटलेली हवीत. एकाकडे हिशेब, एकाकडे साठा, दोघांकडे घरभेटी आणि एकाकडे फक्त कागदपत्रं. या शेवटच्या माणसाला दुसरं काही देऊ नका. ज्याला सरकारी कार्यालयात शांतपणे बसून राहता येतं आणि तिथल्या कारकुनाशी भांडण न करता बोलता येतं, असा माणूस गटात असणं हे मोठं भांडवल आहे. निवृत्त तलाठी, शाळेतला क्लार्क, बचत गटाची सचिव अशी माणसं बघा.

मग वस्तीतल्या जाणत्यांना भेटा. अंगणवाडी सेविका आणि आशाताई यांना कोणत्या घरात काय चाललंय हे तुमच्यापेक्षा खूप आधी कळलेलं असतं. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या ताईंना विचारा, सोमवारी कोणती मुलं दोनदा वाढून घेतात. शनिवार-रविवार घरात काय शिजलं असेल, ते त्या पातेल्यापाशी समजतं. किराणा दुकानदारही जाणतो. काल-परवापर्यंत किलोने डाळ नेणारी बाई आता दहा रुपयांचं तेल मागतेय, हे त्याच्या नजरेतून सुटत नाही. मात्र कोणाची किती उधारी आहे, ते त्याला विचारू नका. तो सांगायला लागला तरी थांबवा. उद्या त्याच बाईला त्याच दुकानात जायचं आहे.

नगरसेवक किंवा सरपंच तयार यादी देतील. ती घ्या, आभार माना, पण प्रत्येक घर स्वतः बघितल्याशिवाय ती पक्की धरू नका. यादीत जी नावं नसतात तीच बहुतेक वेळा सगळ्यात अडचणीत असतात. भाड्याने राहणारे, नुकतेच आलेले, नवऱ्याने टाकलेली बाई, एकटे म्हातारे, तृतीयपंथी, पालावर राहणारी कुटुंबं. यातल्या बऱ्याच जणांचं मत त्या वॉर्डात नसतं.

घरी गेल्यावर

दोघांनी जावं, त्यात एक बाई असावी. वेळ संध्याकाळी सहाच्या पुढची धरा, कारण धुणीभांड्याला जाणाऱ्या ताई आणि नाक्यावरचे कामगार तेव्हाच घरी सापडतात. दारातूनच हाक मारा. आत बोलावलं तर जा, नाहीतर ओट्यावर बसा. चहा ठेवला तर अर्धा कप घ्या, नको म्हणू नका.

पहिलं उत्तर जवळजवळ सगळीकडे एकच असतं: "आमचं भागतंय हो." त्यावर लगेच पुढचा प्रश्न टाकू नका. मुलांची शाळा, पाण्याची वेळ, पाऊस असं बोलत राहा. एका घरात आई भागतंय म्हणत असतानाच मांडीवरची पोरगी म्हणाली, "काल आम्ही चहा-खारी खाल्ली, भात संपला." आईने तिच्या तोंडावर हात ठेवला. अशा वेळी त्या वाक्याला धरून आईला कोंडीत पकडू नये. आमच्याबरोबरच्या मावशी फक्त म्हणाल्या, "माझ्याकडे पण सुनेचं काम गेलं तेव्हा असंच झालं होतं." मग ती बाई आपणहून बोलायला लागली.

विचारायचं ते थोडंच आहे. घरात जेवणारी तोंडं किती? कमावणारं कोण, आणि मागच्या आठवड्यात किती दिवस हाताला काम होतं? रेशन कार्ड आहे का, कोणत्या रंगाचं, आणि गेल्या महिन्यात त्यावर धान्य मिळालं का? सहा वर्षांखालचं मूल, गरोदर किंवा अंगावर पाजणारी बाई, आजारी माणूस आहे का? दळण गिरणीवर जातं का, आणि शिजवायला गॅस आहे की चूल? शेवटचे दोन प्रश्न लोक विसरतात. मग सिलिंडर रिकामा असलेल्या घरात दहा किलो तांदूळ पोचतो.

जात विचारू नका. नवरा पितो का हेही विचारू नका. घरात टीव्ही दिसला म्हणून मनात शंका धरू नका. टीव्ही तीन वर्षांपूर्वी हप्त्यावर घेतलेला असतो आणि काम मागच्या महिन्यात सुटलेलं असतं. डबे उघडून बघणं तर फारच वाईट. कोणी स्वतःहून उघडून दाखवला, तरी नजर फार वेळ तिथे ठेवू नये.

वही एकच ठेवा आणि ती एकाच माणसाकडे राहू द्या. ही नावं व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकायची नाहीत. "पिंपळाच्या बोळातलं दुसरं घर" एवढी खूण गटाला पुरते.

रेशन: सगळ्यात जास्त वेळ इथे द्या

राष्ट्रीय अन्न सुरक्षा अधिनियम २०१३ साली झाला आणि महाराष्ट्रात १ फेब्रुवारी २०१४ पासून लागू झाला. या कायद्याने प्राधान्य कुटुंबाला, म्हणजे उत्पन्न पाहून यादीत घेतलेल्या गरीब घराला, माणशी दरमहा ५ किलो धान्य मिळतं. अंत्योदय, म्हणजे सगळ्यात गरीब ठरवलेल्या कुटुंबाला माणसं कितीही असोत, ३५ किलो. जानेवारी २०२३ पासून हे धान्य मोफत आहे आणि १ जानेवारी २०२४ पासून पुढची पाच वर्षं ते मोफतच राहील असं केंद्राने ठरवलेलं आहे. दुकानदार धान्याचे पैसे मागत असेल, तर ते बेकायदा आहे.

पाच जणांच्या घराला २५ किलो धान्य, महिन्यामागून महिना. एवढं धान्य द्यायला तुमच्या गटाला वर्षभर किती वर्गणी गोळा करावी लागेल त्याचा हिशेब करा. एक कार्ड सुरू करून देणं म्हणजे तेवढं धान्य त्या घरात कायमचं पोचवणं. म्हणून मी म्हणतो की गटातला निम्मा वेळ इथे गेला पाहिजे.

कार्ड हातात असणं आणि धान्य मिळणं या वेगळ्या गोष्टी आहेत. केशरी कार्ड असलेल्या पुष्कळ घरांना धान्य मिळत नाही, कारण त्या कार्डाचा समावेश प्राधान्य कुटुंबात झालेला नसतो. त्यासाठी राज्याने उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात वर्षाला ४४,००० आणि शहरात ५९,००० रुपये ठेवली आहे. ही मर्यादा फारच जुनी आणि तोकडी आहे. नवरा-बायको दोघंही रोजंदारीवर असली तरी ती ओलांडली जाते. त्यात आणखी एक अडचण आहे. राज्याचा एकूण इष्टांक, म्हणजे जास्तीत जास्त किती माणसांना हे धान्य द्यायचं तो आकडा, सुमारे सात कोटींचा आहे आणि तो २०११ च्या जनगणनेवर बेतलेला आहे. त्यामुळे पात्र घरालाही "इष्टांक शिल्लक नाही" असं उत्तर मिळतं. ते ऐकून परत येऊ नका. अर्ज द्या, पोच घ्या, आणि मृत, स्थलांतरित, दुबार अशी नावं कमी झाली की जागा होते तेव्हा पुन्हा जा. अर्ज आत असलेल्या घराचाच तेव्हा विचार होतो.

कुठे जायचं तेही गावागणिक वेगळं. तालुक्याला तहसील कार्यालयाच्या पुरवठा शाखेत. मुंबई-ठाण्यात शिधावाटप कार्यालयात. पुण्यासारख्या शहरात अन्नधान्य वितरण अधिकाऱ्याच्या परिमंडळ कार्यालयात. जाताना रेशन कार्डाचा बारा अंकी आरसी नंबर हाताशी ठेवा. तो माहीत नसेल तर रेशन दुकानातल्या, अंगठा घेणाऱ्या पॉस मशीनवर निघतो.

रोजच्या कामात येणाऱ्या अडचणी साधारण अशा.

लग्न होऊन आलेल्या सुनेचं नाव माहेरच्या कार्डावरच राहिलेलं असतं. तिथून कमी केल्याशिवाय इथे चढत नाही, आणि माहेर दोन जिल्हे पलीकडे. तोवर तिचं आणि पोरांचं धान्य कोणालाच मिळत नाही. माहेरच्या भावाला फोन करून नाव कमी केल्याचा दाखला मागवणं हे तुमच्या कागदपत्रांच्या माणसाचं पहिलं काम.

मग ई-केवायसी. कार्डावरच्या प्रत्येक माणसाची ओळख आधारशी पडताळून व्हावी लागते. ज्याची राहते त्याचं धान्य थांबू शकतं. कामाला बाहेरगावी असलेला मुलगा तिथल्या रेशन दुकानातही ती करू शकतो, हे कित्येक घरांना कोणी सांगितलेलंच नसतं.

आणि अंगठा. वर्षानुवर्षं भांडी घासलेल्या, विटा थापलेल्या, चुन्यात काम केलेल्या हातांच्या रेषा झिजतात. मशीनवर आजी अंगठा ठेवतात, दुकानदार म्हणतो "पुसून ठेवा", त्या पदराला पुसतात, पुन्हा ठेवतात, मग दुसरं बोट, मग तिसरं, मागची रांग कुरकुरायला लागते आणि आजी रिकामी पिशवी घेऊन वळतात. अशा वेळी बरोबर कोणी असेल तर चित्र बदलतं. डोळ्याच्या स्कॅनची किंवा आधारला जोडलेल्या मोबाइलवर ओटीपी घेण्याची सोय विचारा. एकट्या, अंथरुणाला खिळलेल्या माणसासाठी नॉमिनी, म्हणजे त्याच्या वतीने धान्य घेणारा माणूस, नेमता येतो का, ते पुरवठा शाखेत लेखी विचारा. निव्वळ अंगठा उमटत नाही म्हणून खऱ्या लाभार्थ्याला उपाशी पाठवू नये, असे केंद्राचे आदेश आहेत. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात गटातल्या एकाने रेशन दुकानाबाहेर तासभर उभं राहायचं, एवढ्यानेही बऱ्याच गोष्टी सुटतात.

स्थलांतरितांसाठी 'एक देश एक रेशन कार्ड' आहे. बिहार-उत्तर प्रदेशातून भिवंडीत आलेल्या यंत्रमाग कामगाराला त्याच्या गावच्या कार्डावर इथल्या दुकानात धान्य मिळतं. बीडहून कोल्हापूर-सांगलीकडे किंवा कर्नाटकात ऊसतोडीला गेलेल्या जोडप्याला तिकडे मिळतं, आणि गावी राहिलेले म्हातारे-पोरं उरलेल्या वाट्याचं धान्य गावात घेऊ शकतात. फडावर ही माहिती पोचवायची तर टोळीच्या मुकादमाला गाठा, आणि दसऱ्यानंतर टोळ्या निघण्याआधीच गाठा.

विदर्भ-मराठवाड्यातल्या चौदा शेतकरी आत्महत्याग्रस्त जिल्ह्यांत केशरी कार्डाच्या शेतकरी कुटुंबांना आता धान्याऐवजी माणशी ठरावीक रक्कम थेट खात्यात देतात. तिथे खातं आधारला जोडलेलं आहे का, एवढं तपासून द्या.

दुकानदाराशी आल्याआल्या वैर घेऊ नका. बरेच जण सहकार्य करतात. पावती मागायची सवय मात्र घरांना लावा, कारण मशीनच्या पावतीवर किती धान्य दिलं ते छापलेलं असतं. पावतीवर २५ आणि पिशवीत २० असेल तर १९६७ किंवा १८००-२२-४९५० वर तक्रार नोंदवा. तेवढ्याने भागलं नाही तर जिल्हा तक्रार निवारण अधिकारी, आणि त्यांच्या वर राज्य अन्न आयोग. तक्रार घराच्या नावाने नको, गटाच्या नावाने करा. त्या घराला त्याच दुकानात पुन्हा उभं राहायचं असतं.

रेशनबरोबर आणखी दोन दारं ठोठवा. विधवा, निराधार, दिव्यांग व्यक्तींसाठी संजय गांधी निराधार योजना आणि वृद्धांसाठी श्रावणबाळ योजना, दोन्ही तहसीलमध्ये. घरात क्षयरोगाचा रुग्ण असेल तर उपचार चालू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेतून दरमहा १,००० रुपये मिळतात. रुग्णाची सरकारी निक्षय पोर्टलवर नोंद झाल्याशिवाय ते येत नाहीत.

किटमध्ये काय असावं

माणशी ५ किलो म्हणजे दिवसाला साधारण १६५ ग्रॅम धान्य, पाच-सहा पोळ्यांपुरतं. अंगमेहनत करणाऱ्याला ते पुरत नाही, हे खरं. पण त्याहून मोठी उणीव डाळीची आणि तेलाची असते. रेशन चालू असलेल्या घरात पुन्हा तांदूळच नेऊन दिला, तर पोरं भात आणि मिठावर राहतात.

म्हणून दोन प्रकारची किट करा. रेशन चालू आहे त्या घराला डाळ-तेलाची: पाच माणसांना महिन्याला तूरडाळ दोन किलो, मूग किंवा मसूर एक किलो, मटकी किंवा हरभरा एक किलो, शेंगदाणे एक किलो, तेल दोन लिटर, गूळ एक किलो, मीठ, तिखट, हळद, चहा-साखर, अंगाचा आणि कपड्याचा साबण. रेशन बंद आहे त्या घराला याशिवाय धान्य. तेही त्या भागाच्या सवयीचं हवं. सोलापूर-मराठवाड्यात ज्वारी, कोकणात आणि भंडारा-गोंदियाकडे तांदूळ, नगर-नाशिककडच्या कोरडवाहू पट्ट्यात बाजरी. गहू-ज्वारी देत असाल तर दळणाचे पैसे गिरणीवाल्याकडे आधीच भरून ठेवा.

शेंगदाणा आणि गूळ या दोन गोष्टींवर मी अडून बसतो. दोन्ही शिजवावं लागत नाही, आई कामावर असताना पोरांच्या हाती देता येतं, आणि टिकतं. बिस्किटांचे पुडे मात्र टाळा. देणाऱ्यांना ते सोपे वाटतात, पोट त्याने भरत नाही.

लोकांनी घरून आणून दिलेलं धान्य निवडूनच घ्या. बोरिक पावडर लावलेली डाळ परत करा. ती चांगली धुऊन घ्यायची असते, आणि घेणाऱ्याला ते कळेलच असं नाही. सोंडे लागलेले तांदूळ, तारीख उलटलेलं तेल, उघडलेली पाकिटं, काहीच पुढे जाऊ देऊ नका. जे आपण आपल्या घरी शिजवणार नाही ते दुसऱ्याच्या घरी पाठवायचं नाही, एवढा नियम पाटीवर लिहून ठेवला तरी देणाऱ्यांपर्यंत पोचतो.

साठ्याची खोली कोरडी हवी. पोती थेट फरशीवर नकोत, खाली लाकडी फळ्या टाका, भिंतीपासून हातभर अंतर सोडा. आधी आलेलं आधी बाहेर. डाळी पत्र्याच्या कोठीत, कडुलिंबाचा वाळलेला पाला टाकून. उंदरांसाठी जाळी लावा, पण धान्याच्या खोलीत औषध ठेवू नका.

पोचवायचं कसं

मंडप, फलक, रांग, हारतुरे, फोटो यातलं काही नको. देणगीदाराला दाखवायला फोटो लागतो असं सगळे सांगतात. त्याला साठ्याचा फोटो द्या, बिलाचा द्या, हिशेबाचा तक्ता द्या. घेणाऱ्याचा चेहरा द्यायचा नाही. शाळेत जाणाऱ्या पोराचा पिशवी घेतानाचा फोटो त्याच्या वर्गातल्या मुलांच्या मोबाइलवर पोचतो, आणि ते पोर दुसऱ्या दिवशी शाळेत जात नाही.

साध्या पिशवीतून, अंधार पडल्यावर, ओळखीच्या माणसाने नेऊन द्यावं. त्याहून चांगला मार्ग म्हणजे वस्तीतल्या किराणा दुकानाशी ठरवून घेणं. महिन्याची रक्कम गट दुकानदाराकडे भरतो, घराला चिठ्ठी देतो, आणि बाई इतर गिऱ्हाइकांसारखी जाऊन तिला हवं ते घेते. दारू-तंबाखू सोडून काहीही. घाऊक भावाचा फायदा जातो, हे मान्य. पण ज्या घरात मूग आहे आणि तेल नाही ते घर तेल घेतं. दुकानदारालाही गिऱ्हाईक राहतं.

तीन महिन्यांनी प्रत्येक घराकडे पुन्हा बसा. काम लागलं असेल, रेशन सुरू झालं असेल, तर किट कमी करत न्या आणि हे त्यांना महिनाभर आधी सांगा. अचानक बंद करू नका. म्हातारी एकटी माणसं आणि दीर्घ आजार असलेली घरं यांना मुदत लावू नका.

घरात लहान मूल असेल तर

अंगणवाडीचा आहार मिळायला पिवळं कार्ड लागत नाही, उत्पन्नाचा दाखलाही लागत नाही. सहा महिने ते तीन वर्षांच्या मुलांना आणि गरोदर व स्तनदा मातांना घरी न्यायचा आहार, तीन ते सहा वर्षांच्या मुलांना तिथेच गरम जेवण. नुकत्याच आलेल्या कुटुंबाचं नाव तिथे नोंदवून द्या. आदिवासी भागात गरोदर आणि स्तनदा मातांना डॉ. ए. पी. जे. अब्दुल कलाम अमृत आहार योजनेतून एक वेळचं चौरस जेवण मिळतं.

मूल किरकोळ दिसतं, मलूल आहे, पायावर सूज आहे असं वाटलं तर सेविकाताईंकडे घेऊन जा. त्यांच्याकडे दंडाचा घेर मोजायची रंगीत पट्टी असते. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाचा दंडघेर साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली, म्हणजे लाल पट्ट्यात आला, तर ते तीव्र कुपोषण समजतात. अशा मुलाला किट पुरत नाही, त्याला दवाखाना लागतो. प्राथमिक आरोग्य केंद्र, तिथून गरज पडल्यास पोषण पुनर्वसन केंद्र. तिथे आईला मुलाबरोबर बरेच दिवस राहावं लागतं आणि तिची रोजची मजुरी बुडते, म्हणून कितीतरी आया जायचं टाळतात. त्या दिवसांत घरातल्या बाकीच्या पोरांच्या जेवणाची जबाबदारी गटाने घेतली, तर आई जाते. पूर्ण धान्यपेढीतून एवढं एकच काम झालं तरी मी ते मोठं मानेन.

सहा महिन्यांच्या आतल्या बाळासाठी दुधाची पावडर किंवा बाटली देऊ नका. त्या घरात आईला पोटभर जेवण द्या.

शिजवलेलं अन्न उरलं तर

मंगल कार्यालयातून रात्री दहाला फोन येतो, "दीडशे माणसांचं जेवण उरलंय." २०१५ च्या अखेरीस मुंबईत डबेवाल्यांच्या पुढाकाराने आणि औरंगाबादेत, म्हणजे आताच्या छत्रपती संभाजीनगरात, रोटी बँका सुरू झाल्या तेव्हापासून गावोगावी असे गट निघाले. काम चांगलं आहे, पण निष्काळजीपणे केलं तर माणसं आजारी पडतात, आणि ज्यांना दवाखाना परवडत नाही तीच पडतात.

शिजवलेलं अन्न गरम ठेवायचं तर ६० अंश सेल्सिअसच्या वर, थंड ठेवायचं तर ५ अंशांच्या खाली. मधल्या तापमानात दोन तासांपेक्षा जास्त राहिलेलं अन्न उचलू नका. भात सगळ्यात फसवा, वास येत नाही तरी बिघडलेला असतो. बासुंदी, श्रीखंड, खव्याची मिठाई, ओल्या खोबऱ्याची चटणी नकोच. ताटांत वाढून उष्टावलेलं तर नाहीच नाही. पोळी, पुरी, कोरडी भाजी चालते. भांडी स्टीलची, झाकणाची, आपली स्वतःची ठेवा. कार्यालयाच्या आचाऱ्याला आधीच सांगून ठेवा, की पंगती संपायच्या सुमाराला फोन करा, आवराआवर झाल्यावर नको. उरलेल्या अन्नाच्या वाटपासाठी एफएसएसएआयचे, म्हणजे केंद्राच्या अन्न सुरक्षा प्राधिकरणाचे, २०१९ चे नियम आहेत. नियमित करणार असाल तर नोंदणी करून घ्या, अन्न व औषध प्रशासनाच्या स्थानिक कार्यालयात माहिती मिळते.

पैसा आणि पावत्या

नोंदणी नसलेल्या गटाला धर्मादाय कामासाठी लोकांकडून वर्गणी गोळा करायची तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची परवानगी लागते. गणेश मंडळं घेतात तशीच. सुरुवातीला सोपं म्हणजे आधीच नोंदणी असलेल्या संस्थेच्या छत्राखाली काम करणं: वाचनालय, ज्येष्ठ नागरिक संघ, गणेश मंडळ, महिला मंडळ. खातं संस्थेचं, सह्या दोघांच्या, आणि दर महिन्याचा जमाखर्च गल्लीतल्या फळ्यावर. धान्याच्या रूपात दिलेल्या दानावर प्राप्तिकराची सवलत मिळत नाही, आणि २,००० रुपयांच्या वरची रोख देणगीही त्यात धरत नाहीत. देणगीदाराला हे आधी सांगा. परदेशातल्या नातेवाइकांकडून पैसे घेताना पासपोर्ट कोणता ते विचारा. भारतीय पासपोर्ट असेल आणि पैसे नेहमीच्या बँकेतून आले तर अडचण नाही. परदेशी नागरिकत्व घेतलेलं असेल, भारतीय वंशाच्या परदेशी नागरिकांना मिळणारं ओसीआय कार्ड असलं तरी, संस्थेकडे परकीय देणग्यांची म्हणजे एफसीआरएची परवानगी लागते.

वर्षाचा अंदाज

देणगी येते दिवाळीत, वाढदिवसांना, पितृपक्षात. भूक वाढते जून ते ऑगस्टमध्ये. पावसाने नाक्यावरचं काम थांबतं, वह्या-पुस्तकांचा खर्च येतो, आजारपणं वाढतात, आणि खेड्यात पेरणी-खुरपणीनंतर शेतमजुराच्या हाताला काम राहत नाही. उन्हाळ्याच्या सुट्टीत शाळेची खिचडी बंद असते, ते दिवसही पोरांना जड जातात.

म्हणून दिवाळीत आलेल्या पैशातला निम्मा खात्यातच राहू द्या. शेंगदाणे-गूळ एप्रिल-मेसाठी धरा. तूर फेब्रुवारी-मार्चमध्ये नवी येते, तेव्हा भाव साधारण उतरलेले असतात. त्या सुमारास बाजार समितीच्या आवारातल्या व्यापाऱ्याकडून डाळ घेऊन दोन कडक उन्हं दाखवा आणि कोठीत भरा. तेल मात्र महिन्याच्या महिन्याला घ्या. मे संपायच्या आत घरभेटींची एक फेरी पूर्ण करा, म्हणजे पहिला पाऊस पडेल तेव्हा कोणत्या दारात काय न्यायचं ते वहीत लिहिलेलं असेल.